पानाची पाठ

त्या काळात पुण्यातली निम्मी तरुण मंडळी अमेरिकेला निघाली होती आणि उरलेली निम्मी कॉम्प्युटरच्या क्लासला. कसबा पेठेतल्या ज्या फोटो स्टुडिओत मी नोकरीला होते, तिथे पहिल्या निम्म्यांची रांग लागायची. व्हिसाच्या फोटोला मागचा पडदा पांढरा हवा, कान दिसले पाहिजेत, चष्म्यावर चमक नको आणि हसायचं नाही. दिवसभरात मी चाळीसेक लोकांना हसू नका म्हणून सांगत असे. संध्याकाळपर्यंत माझाही चेहरा तसाच होऊन जायचा.

स्टुडिओच्या मालकांनी नुकतंच रंगीत छपाईचं मशीन घेतलं होतं आणि ते चालवायला मी शिकले होते. एके दिवशी दुपारी साठीच्या एक बाई आल्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला झोळी. आदल्या दिवशी आमच्याकडून छापून नेलेले फोटो त्यांनी काउंटरवर मांडले. सगळे फोटो झाडापानांचे होते आणि सगळी पानं गुलाबीकडे झुकलेली, आजारी दिसत होती.

"अहो, पानं हिरवी असतात," त्या मालकांना म्हणाल्या. "आपल्या मशीनला हे अजून कोणी सांगितलं नसेल, तर आपण सांगा."

मालक माझ्याकडे बघायला लागले. चूक मशीनची होती आणि नव्हतीही. त्याला सवय चेहऱ्यांची आणि लग्नातल्या शालूंची. अख्खा फोटो हिरवा दिसला की काहीतरी बिघडलंय असं समजून ते आपणहून लाल-गुलाबी रंग वाढवायचं. मी बाईंना बसायला सांगितलं, मशीनची ती आपोआप सुधारणा बंद केली आणि रंगाचे आकडे हाताने बदलत एकच फोटो पाच वेळा छापला. बाईंनी झोळीतून ओल्या रुमालात गुंडाळलेलं एक ताजं पान काढलं आणि प्रत्येक फोटोशेजारी धरून बघितलं. पाचव्या फोटोपाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "बरा आहे." पुण्यात जन्मल्यामुळे याचा अर्थ मला कळत होता. मला फार आनंद झाला.

रंग जमला, पण फोटो हललेले होते, हे मी भीत भीत सांगितलं. त्यांनी उजवा हात पुढे केला. तो किंचित थरथरत होता. कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि महिन्यातून एकदा भीमाशंकरच्या जंगलात जाऊन, तिथल्या महादेव कोळी वस्त्यांवरची माणसं कोणतं झाड कशाला वापरतात, याच्या नोंदी करत होत्या. त्याचं पुस्तक करायचं होतं. नोंदींच्या सात वह्या भरल्या होत्या, फोटो मात्र एक धड नव्हता.

"तुला एसटी लागते का?" त्यांनी मला विचारलं.

मी नाही म्हटलं. तेवढीच माझी मुलाखत झाली.

घरी मात्र ही बातमी कोणाला रुचली नाही. आम्ही नुकतेच धायरीला राहायला गेलो होतो. नवी इमारत, पाण्याला टँकर, खिडकीतून एकीकडे ज्वारी आणि दुसरीकडे सिमेंटची पोती दिसायची. भाऊ प्रोग्रामिंग शिकत होता आणि मीही तेच शिकावं असं वडिलांच्या मनात होतं. वडील सरकारी कचेरीत होते. आजोबांनी बुद्ध धम्म स्वीकारला, त्याच सुमारास गाव सोडलं आणि पुण्यात येऊन मुलाला शाळेत घातलं. वडिलांचं सगळं आयुष्य त्या एका पावलावर उभं होतं. ते आवाज चढवणारे नव्हतेच. जेवताना एवढंच म्हणाले, "तुझे आजोबा वेशीबाहेरून शाळेपर्यंत आले. तू शाळेतून रानात निघालीस."

आईने मात्र रविवारी सकाळी दोन डबे भरून दिले, एक माझा आणि एक बाईंचा.

स्टुडिओ सोमवारी बंद असायचा आणि महिन्यातल्या एका रविवारची रजा मालकांनी कबूल केली होती. रविवारी सकाळी शिवाजीनगरहून एसटी पकडायची आणि सोमवारी संध्याकाळी परत, असा बेत होता. पहिल्यांदा गेलो तेव्हा पावसाळा सरला होता. फाट्यावर उतरून दोन तास चाललो आणि जंगलात शिरलो, तसा मला धक्काच बसला. बाहेर लख्ख ऊन होतं आणि आत संध्याकाळ झाल्यासारखं वाटत होतं. झाडांचे शेंडे वर एकमेकांत मिसळलेले, खोडांवर शेवाळ, पायाखाली ओला पाचोळा. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक बघितला तर काटा हलेचना. स्टुडिओतले माझे दिवे आणि पडदे यांचा इथे काही उपयोग नव्हता.

वस्तीवर बाईंची जी मुख्य गुरू होती तिला सगळे मावशी म्हणत, मीही म्हणू लागले. वय पन्नाशीचं, अंगाने काटक, दोन्ही हातांवर गोंदण. वस्तीतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली होती, आणि ताप, खोकला, विंचू, पोटशूळ यासाठी लोक आधी तिच्या ओसरीवर येत. बाई तिला अहो-जाहो करत. ती बाईंना अगं-तुगं करायची आणि बाईंना ते आवडायचं.

बाईंनी मोठ्या उत्साहाने मी नव्याने छापलेले फोटो तिच्यापुढे ठेवले. मावशीने एक फोटो उचलला, पुढून बघितला, मग उलटा केला आणि मागचा कोरा कागद बघत राहिली.

"ह्याची पाठ कुठं हाय?" तिने विचारलं.

मला प्रश्न कळला नाही. तिने कुडाजवळच्या झुडपाचं एक पान तोडलं आणि उलटं करून माझ्या डोळ्यांसमोर धरलं. वरून ते साधं हिरवं होतं. खालून चांदीसारखं, शिरा उठलेल्या, त्यांवर बारीक लव. तिचं म्हणणं असं की वरून सगळी पानं सारखीच दिसतात, ओळख पाठीवर असते. शिवाय देठ मोडला की चीक येतो का, आला तर कसला, सालीच्या आत रंग कोणता, मुळाचा वास कसा, हे काहीच फोटोत नसेल तर तो फोटो घेऊन कोणी औषध करायचं कसं?

बाई वहीत काही लिहीत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघून मान हलवत होत्या. त्या दिवसापासून एका झाडाचे किमान पाच फोटो काढायचे ठरलं: पानाची पोट-पाठ, मोडलेला देठ, साल आणि अख्खं झाड. वास मात्र बाईंना वहीतच लिहावा लागायचा, आणि त्यावरून दोघींचे वाद व्हायचे. बाई लिहायच्या 'उग्र', मावशी म्हणायची, उग्र काय, धुतलेल्या बकरीचा वास हाय. शेवटी बाईंनी तसंच लिहिलं.

उजेडाची अडचणही मावशीनेच सोडवली. मी पानावर थोडं ऊन कसं पाडावं या विचारात असताना ती घरात गेली आणि जेवायची स्टीलची परात घेऊन आली. झाडांच्या फटीतून जो काय कवडसा येत होता तो तिने परातीवर झेलला आणि नेमका पानावर टाकला. प्रकाश जरा प्रखर होता म्हणून मी तिला परात किंचित तिरकी करायला सांगितलं. तिला ते इतकं पटकन जमलं की पुढे मी सांगायच्या आत तिची परात हलायची. कॅमेरा तिपाईवर, श्वास रोखून मी, वारा पडायची वाट बघत बाई, आणि परात धरून मावशी. एका पानासाठी आम्ही अर्धा अर्धा तास अशा उभ्या असायचो आणि वारा पडला की तिघीही एकदम गप्प व्हायचो. स्टुडिओत दिवसाला चाळीस फोटो काढणारी मी तिथे दिवसाला सहा काढून खूश असायचे.

असे पाच-सहा महिने गेले. मग ती वेल आली.

जंगलाच्या आतल्या ओढ्याकाठी मावशीने आम्हाला एका वेलीपाशी नेलं. ही फार मोलाची आहे, बाळंतपणात उपयोगी पडते, एवढं तिने सांगितलं आणि म्हणाली, "हिचा फोटो नको. लिव्हायचं बी न्हाय." कारणही सांगितलं. काही वर्षांपूर्वी एक व्यापारी वस्तीवर आला होता, फार गोड बोलला, एका झाडाबद्दल विचारून गेला. तिनेच झाड दाखवलं. पुढच्या वर्षी त्या उतारावरची ती सगळी झाडं साली सोलून मारून टाकलेली होती. बाईंनी लगेच वही मिटली, पेनाला टोपण लावलं आणि पुढे चालू लागल्या.

मी मागे रेंगाळले. एक कवडसा नेमका त्या वेलीच्या पानांवर पडला होता, परातीशिवाय, आपोआप. असा उजेड पाच महिन्यांत मला एकदाही मिळाला नव्हता. दोघी पुढे वळणाआड गेल्या होत्या. मी एक फोटो काढला.

पुण्याला येऊन छापला तेव्हा तो माझा सर्वांत चांगला फोटो निघाला. मी तो स्टुडिओतल्या खणात खाली दडवून ठेवला आणि दिवसातून तीनदा काढून बघायला लागले. आठ-दहा दिवसांनी एक तरुण गृहस्थ व्हिसाच्या फोटोसाठी आले. मी फोटो कापत असताना त्यांनी उघड्या खणात तो बघितला आणि एकदम चौकशी सुरू केली. त्यांची कंपनी आयुर्वेदिक औषधांची वेबसाइट बनवत होती. हे झाड कोणतं, कशावर चालतं, कुठे मिळतं, सांगणाऱ्यांची गाठ घालून द्याल का, असं सगळं त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं. माणूस वाईट नव्हता. पण त्याचे प्रश्न ऐकताना वाटलं, तो व्यापारीही असाच गोड बोलला असणार. मला माहीत नाही, एवढंच मी म्हटलं आणि खण लावून घेतला.

त्या संध्याकाळी बाईंच्या घरी जाऊन सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, संपलं आपलं जंगल. मग त्या म्हणाल्या, "मला कशाला सांगतेस? ज्यांनी नको म्हटलं, त्यांना सांग. आणि निगेटिव्ह घेऊन जा, रिकाम्या हाताने माफी मागू नकोस."

पुढच्या रविवारी मी एकटीच गेले. दोन तासांच्या वाटेत काय बोलायचं ते पाठ केलं होतं, पण मावशीच्या ओसरीवर बसल्यावर त्यातलं काही आठवेना. फोटो आणि निगेटिव्हची कापलेली पट्टी तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, मी तुम्हाला न विचारता हा काढला, माझी चूक झाली.

तिने फोटो हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं ती रडतेय. ती हसत होती. तिने आतून सुनेला हाक मारली. सून सातवी शिकलेली, मितभाषी मुलगी. तिने फोटो बघितला, तोंडाला पदर लावला आणि तीही हसायला लागली.

"अगं पोरी," मावशी म्हणाली, "ही ती न्हायच. ही तिच्या शेजारची. हिला आमच्याकडं शेरडं बी तोंड लावत न्हाईत."

दोन्ही वेली एकाच झाडावर चढल्या होत्या आणि वरून सारख्याच दिसत होत्या. मी पाठ बघितलीच नव्हती. पाच महिने शिकून माझ्या डोळ्याला फरक कळला नव्हता, आणि त्या अपराधाचं ओझं मी बिनकामाच्या वेलीसाठी वाहत होते. मीही हसायला लागले, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मावशीने निगेटिव्हची पट्टी मला परत दिली, म्हणाली हे खुशाल ठेव, शेरडांना दाखव. मग भाकरी खायला घातली आणि जेवण झाल्यावर मला परत ओढ्याकाठी नेलं. तिथे तिने मला खरी वेल दाखवली, पान उलटं करून, देठ मोडून, माझ्या बोटांवर चीक लावून. कॅमेरा माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होता. तिने मला पिशवी घरी ठेवायला सांगितलं नव्हतं. फरक नेमका काय होता ते मी इथेही लिहीत नाही, पण तो मला आजही ओळखता येतो.

त्यानंतर मावशीचं माझ्याशी वागणं सैल झालं. तोवर ती बाईंच्या कामाला मदत करत होती, आता ती मलाही शिकवायला लागली. सूनही आमच्याबरोबर यायला लागली आणि परात तिच्या हातात गेली.

दोन वर्षांनी, पुस्तक निघायच्या आधी, पुण्यातल्या एका शाळेच्या सभागृहात फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. फोटोंखालच्या पाट्या कॉम्प्युटरवर छापाव्यात असं भावाचं मत होतं, पण वडिलांचं अक्षर फार सुंदर होतं आणि ते आईने बाईंना परस्पर सांगून टाकलं. बाई यादी घेऊन धायरीला आमच्या घरी आल्या. वडील दौत, बोरू आणि पट्टी घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. पहिली पाटी लिहिता लिहिता ते थांबले. यादीत आधी झाडाचं शास्त्रीय नाव होतं, मग स्थानिक नाव, मग उपयोग, आणि शेवटी बारीक अक्षरात 'माहिती: स्थानिक महिला'.

"स्थानिक महिला म्हणजे कोण?" वडिलांनी विचारलं.

बाईंनी मावशीबद्दल सांगितलं. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "यांना नाव आहे ना? मग ते कुठे गेलं?"

बाई कोणाचं ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. कॉलेजात त्यांनी प्राचार्यांनाही सोडलं नव्हतं. मी जीव मुठीत धरून बसले. बाईंनी यादी स्वतःकडे ओढली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "सगळ्यांत वर लिहा. मोठ्या अक्षरात."

वडिलांनी बासष्ट पाट्या लिहिल्या. प्रत्येकीवर सर्वांत वर, ज्याने किंवा जिने ते झाड ओळखायला शिकवलं त्याचं पूर्ण नाव आणि वस्तीचं नाव. पुढच्या रविवारी मी निघाले तेव्हा त्यांनी मला फाट्यापुढचा रस्ता कसा आहे, मावशीला मुलं किती, असं काय काय विचारलं.

प्रदर्शनाला मी मावशीला आणि तिच्या सुनेला घेऊन आले. आषाढ लागला होता. सभागृहात शिरल्यावर मावशी पहिल्या फोटोसमोर उभी राहिली आणि सुनेने पाटी मोठ्याने वाचली. मावशीचं नाव आलं तशी ती थबकली आणि सासूकडे बघायला लागली. "पुढं वाच," मावशी म्हणाली. सुनेने दुसरी वाचली, तिसरी वाचली. नाव प्रत्येक वेळी येत होतं आणि दर वेळी मावशीची पाठ आणखी ताठ होत होती. अकराव्या फोटोपाशी ती म्हणाली, हे चूक हाय. दोन पाट्यांची अदलाबदल झाली होती. माझ्याच हातून. तिने स्वतः पुढे होऊन दोन्ही पाट्या काढल्या आणि जागच्या जागी लावल्या.

तोवर मागे दहा-बारा माणसं गोळा झाली होती. पेठांतले निवृत्त लोक, कॉलेजची मुलं, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेले तिघे-चौघे. मावशी पुढे आणि घोळका मागे, असं सगळं प्रदर्शन फिरलं. कोणी विचारलं, याचे साइड इफेक्ट काय? सुनेने ते मावशीला समजावून सांगितलं. मावशी म्हणाली, "जास्त खाल्लं तर हगवण लागंल, कमी खाल्लं तर माझी याद येईल." बाई एका कोपऱ्यात खुर्चीवर बसून होत्या. मी जवळ गेले तेव्हा म्हणाल्या, सदतीस वर्षं शिकवलं, माझ्या तासाला एवढी शांतता कधी नव्हती.

दोन दिवस त्या दोघी आमच्याकडेच राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी दिसेना म्हणून मी खाली गेले. इमारतीमागे बिल्डरची मोकळी जागा होती, विटांचे ढीग, खडीचा ढिगारा, आणि पावसाने उगवलेलं गवत. मावशी तिथे वाकून काहीतरी खुडत होती आणि लुगड्याचा ओचा भरला होता. रोज मी त्या जागेवरून बसस्टॉपला जात होते. तो सगळा टाकळा होता. कोवळा, भाजीचा, सगळीकडे पसरलेला. मी त्याचा जंगलात चार बाजूंनी फोटो काढला होता आणि घरामागे तो मला दिसला नव्हता.

तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई वरून बघत होत्या. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, नुकत्या हैदराबादहून आलेल्या, मराठी तुटकं. त्या खाली आल्या, मग शेजारच्या आल्या, मग गावातल्या, ज्यांच्या शेतावर ती इमारत उभी राहिली होती त्या घरातल्या आजीबाई. त्या मावशीला म्हणाल्या, आमच्याकडं हाय की ही भाजी, पण ह्या नव्या लोकांना सांगावं कोणी? कोवळी पानं कशी ओळखायची, फुलावर आलेली का घ्यायची नाही, हे मावशी हैदराबादच्या बाईंना हातवारे करून समजावत होती आणि त्या पान उलटंपालटं करून बघत होत्या.

आमच्या घरी भाजी करताना आईचं आणि मावशीचं जुंपलं. आईला दाण्याचं कूट घालायचं होतं, मावशीचं म्हणणं लसूण आणि मिरची बास. वडील पेपर बाजूला ठेवून स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. शेवटी दोन कढया चढल्या. वडिलांनी दोन्ही भाज्या वाढून घेतल्या, दोन्ही संपवल्या आणि कोणती चांगली झाली हे शेवटपर्यंत सांगितलं नाही. दुपारी तिसऱ्या मजल्यावरून एक वाटी आली, त्यात टाकळ्याची भाजी होती आणि वर कढीपत्त्याची फोडणी. मावशीने चव घेतली आणि सुनेला म्हणाली, ही बी लिवून घे.